चोराची भीती, पिस्तूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा

पत्र

आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतो. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. दिवाळीच्या आठवड्यात आमच्याच गल्लीतली दोन भारतीय घरं फुटली, सगळं सोनं गेलं. तेव्हापासून नवऱ्याने पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलंय. इथे सगळ्यांकडे असतं, चोर पिस्तूल घेऊन येणार आणि आपण काय बॅट घेऊन उभं राहायचं, असं त्याचं म्हणणं. मला ती वस्तूच घरात नकोय. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, गेले तीन महिने खोलीतच असतो, धड जेवत नाही की बोलत नाही. मुलगी सहा वर्षांची. जानेवारीत सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत. मी बातम्या बघून घाबरते असं नवरा म्हणतो. आमच्यात बरोबर कोण? आणि त्याने घेतलंच तर काय करायचं? आणखी एक विचारते. मुलीला मैत्रिणीकडे रात्री राहायला बोलावलंय. तिचे वडील शिकारीला जातात. त्यांना बंदुकांबद्दल विचारणं आगाऊपणाचं होईल का?

उत्तर

आत्ता घरात पिस्तूल आणू नका. कधीच आणू नका असं आम्ही म्हणत नाही. पण आत्ता नको, आणि याचं कारण चोरांमध्ये नाही, तुमच्या मुलामध्ये आहे. पत्रात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. आम्ही मात्र तिथेच थांबलो.

अमेरिकेत बंदुकीचा विषय निघाला की डोळ्यांसमोर शाळा आणि मॉल येतात. फ्रिस्कोपासून जवळच अ‍ॅलनच्या आउटलेट मॉलमध्ये मे 2023 मध्ये आठ जण मारले गेले, त्यात एक भारतीय इंजिनियर तरुणी होती. ते तुमच्या मनातून गेलं नसणारच. पण आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. 2023 मध्ये या देशात बंदुकीने सुमारे 46,700 माणसं मेली. त्यातल्या सुमारे 27,300 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून बऱ्याच जास्त. खून सुमारे 17,900. बातम्यांमध्ये दिसणारे सार्वजनिक जागेतले गोळीबार या बेरजेत शंभरातला एखादा हिस्सा भरतात. थोडक्यात, बहुतेक वेळा बंदुकीने मरणारा माणूस आणि ती चालवणारा माणूस एकच असतो, आणि बंदूक बहुधा त्याच्याच घरातली असते.

कॅलिफोर्नियात लाखो लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून 2020 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण, न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट निघालं. बायकांमध्ये पस्तीसपट. हे लोक मुळात जास्त दुःखी होते का? तसं असतं तर इतर मार्गांनी होणाऱ्या आत्महत्याही त्यांच्यात तितक्याच जास्त दिसायला हव्या होत्या. तशा त्या दिसल्या नाहीत. फरक हाताशी असलेल्या वस्तूने पडतो, कारण बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊमध्ये माणूस जातो, मन बदलायला वेळच मिळत नाही. तुमच्याच राज्यात, ह्यूस्टनमध्ये, नव्वदच्या दशकात जीवघेण्या प्रयत्नातून वाचलेल्या 13 ते 34 वयाच्या 153 जणांना विचारलं गेलं, की ठरवण्यात आणि करण्यात किती वेळ गेला. चौघांपैकी जवळजवळ एकाने पाच मिनिटांहून कमी सांगितला. जे वाचतात त्यांच्यातले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती पाच मिनिटं टळली, तर बहुतेकांचं पुढचं आयुष्य शिल्लक असतं.

इस्रायलच्या सैन्यात एक साधा बदल केला गेला. आठवड्याच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या जवानांनी रायफल तळावरच ठेवून जायचं. सैन्यातल्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्या. वस्तू आणि माणूस यांच्यात थोडं अंतर टाकलं होतं.

तुमच्या मुलाला नैराश्य आहे असं आम्ही इथून सांगू शकत नाही. कदाचित शाळेत काही बिनसलं असेल, कदाचित नुसतं वय असेल. पण तीन महिने, जेवणावर परिणाम आणि बोलणं बंद, एवढं पुरेसं आहे. या आठवड्यात त्याच्या पीडियाट्रिशियनची वेळ घ्या आणि फोनवरच सांगा की नैराश्याच्या तपासणीसाठी येतोय. बारा वर्षांपासून पुढे दरवर्षी ही तपासणी करावी अशी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसच आहे, त्यामुळे तुम्ही काही विचित्र मागत नाही. डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलायला मागतील. बाहेर बसा. घरी त्याला थेट विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का रे कधी?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. 988 हा मानसिक संकटात मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर त्याच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. त्यावर फोन करता येतो, मेसेजही करता येतो, चोवीस तास. मराठी घरांमध्ये ‘अभ्यासाचं टेन्शन आहे, होईल ठीक’ म्हणून महिने जातात. ते आधीच तीन गेले आहेत.

आता नवऱ्याचं म्हणणं. ते खुळं नाही. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला व्यक्तीचा हक्क आहे. आशियाई आणि भारतीय कुटुंबं हेरून, रोकड आणि सोन्यासाठी घरात घुसणाऱ्या टोळ्या असतात हेही खरं. जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत दरोडे घालणाऱ्या एका टोळीला फेडरल कोर्टाने लांबलचक शिक्षा दिल्या आहेत. शस्त्र असलेला चांगला माणूस वाचवू शकतो का? अ‍ॅलनमध्ये वेगळ्याच कामासाठी आलेल्या एका पोलिसाने हल्लेखोराला काही मिनिटांत संपवलं. युवाल्डीच्या शाळेत त्याच्या आदल्या वर्षी 376 सशस्त्र अधिकारी जमले, आणि 77 मिनिटं ते हल्लेखोर असलेल्या वर्गात शिरले नाहीत. दोन्ही उदाहरणं टेक्सासातलीच. वर्षाला किती लोक बंदूक दाखवून किंवा चालवून स्वतःला वाचवतात, याचे अंदाज साठ-सत्तर हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत. एवढी तफावत असली की ज्याला जे हवं ते तो उचलतो. तुम्ही दोघं हेच करताय, देशाचं भांडण ओढून स्वयंपाकघरात आणलंय. ते तिथे सुटणार नाही. तुमच्या गल्लीत नक्की काय घडलं, ते बघू.

दोन घरं फुटली तेव्हा घरात कोणी होतं का? पत्रात लिहिलेलं नाही, पण दिवाळीच्या आठवड्यात सोनं गेलं म्हणजे बहुधा माणसं कार्यक्रमाला गेलेली असणार. केंद्रीय आकडेवारीत साधारण चार घरफोड्यांपैकी एकीत कोणी घरात असतं, उरलेल्या तिन्हीत घर रिकामं. रिकाम्या घरातलं पिस्तूल कुणाचं रक्षण करत नाही. ते चोराच्या पिशवीत सोन्याबरोबर जातं आणि पुढे दुसऱ्या कुठल्या तरी गुन्ह्यात निघतं.

कोणी घरात असताना चोर आला असं धरू. तुमच्या घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा पातळ फळा. नऊ मिलिमीटरची गोळी अशा एकाहून जास्त भिंती आरपार जाते. हॉलो पॉइंट गोळ्या शरीरात फुलतात आणि थांबतात, पण ड्रायवॉलमधून जाताना त्यांचं तोंड चुऱ्याने भरतं आणि त्या साध्या गोळीसारख्या पुढे जातात. पॅसेजमध्ये मध्यरात्री गोळी झाडायची, तर भिंतीपलीकडे कोणाचा पलंग आहे ते आधीच माहीत हवं. आज रात्री नवऱ्याला घेऊन घरात फिरा. बेडरूमच्या दारात उभं राहून जिन्याकडे, मग मुलीच्या खोलीकडे, मग सासू-सासऱ्यांना जी खोली देणार आहात तिकडे बोट करा. कोणत्या दिशेला झाडली तर मागे घरातलं कोणी नाही? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर ‘एकही नाही’ किंवा फार तर ‘एक’ असं येतं.

आणि अंधारात दिसलेली आकृती कोणाची? सासरे पहाटे चारला जेट लॅगने उठून चहा करतील. मुलगा दोन वाजता फ्रिज उघडेल. सबडिव्हिजनमधली घरं सगळी एकसारखी असतात. संध्याकाळी फिरायला गेलेले सासरे उद्या चुकून दुसऱ्याचं दार वाजवतील, आणि आतला माणूसही तुमच्या नवऱ्यासारखाच घाबरलेला असेल. 2023 मध्ये कॅन्सस सिटीत सोळा वर्षांच्या राल्फ यार्लने भावंडांना आणायला म्हणून चुकीच्या घराची बेल वाजवली, आणि आतल्या वृद्धाने त्याला दोन गोळ्या घातल्या. तो वाचला, हे नशीब. सासू-सासरे आले की पहिल्याच दिवशी त्यांच्या गळ्यात पत्ता आणि तुमचे नंबर लिहिलेलं कार्ड घाला, आणि सांगा की दुसऱ्याच्या दाराशी, गॅरेजशी, मागच्या अंगणात जायचं नाही.

चोरांच्या भीतीवर जे खरंच चालतं ते कंटाळवाणं आहे. सोनं घरातून काढा. बँकेचा लॉकर घ्या, पण लॉकरमधल्या वस्तूंना बँकेच्या ठेव विम्याचं संरक्षण नसतं, तेव्हा विमा वेगळा लागेल. घराची पॉलिसी उघडून दागिन्यांच्या चोरीची मर्यादा वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती जेमतेम दीड हजार डॉलर असते, तुमच्या एका बांगडीचीही भरपाई त्यात होणार नाही. दागिने नगानुसार लिहून घेणारी पुरवणी मागा. त्यासाठी मूल्यांकन, वजन आणि प्रत्येक नगाचे फोटो लागतील. मंगळसूत्र आणि रोजच्या वापराचं सोडून बाकी सगळं बाहेर, आणि मंडळाच्या गणपतीत मिरवलेल्या हाराचे फोटो फेसबुकवर सगळ्यांना दिसतील असे टाकू नका.

मग दार. अमेरिकन घरांची दारं कुलपापाशी तुटत नाहीत, चौकटीपाशी फुटतात. डेडबोल्टचा दांडा ज्या पत्र्यात शिरतो, तो पत्रा बहुधा पाऊण इंची स्क्रूंनी नुसत्या पातळ चौकटीला लावलेला असतो. एका लाथेत तो निघतो. ते स्क्रू काढून तीन इंची घाला, म्हणजे ते मागच्या जाड खांबात जातात. बिजागऱ्यांच्या प्रत्येकी एका स्क्रूचंही तेच करा. खर्च दहा डॉलर, वेळ अर्धा तास. मागच्या सरकत्या काचेच्या दाराच्या खाचेत लाकडी दांडका टाका. अलार्म, मागच्या अंगणात हालचालीवर लागणारा दिवा आणि गावाला जाताना शेजाऱ्याची गाडी तुमच्या ड्राइव्हवेत, एवढं झालं की चोर पुढच्या घराकडे बघतो. थोडं स्वार्थी आहे, पण असंच चालतं. आणि रात्री आवाज आलाच, तर सगळ्यांनी कुठल्या एका खोलीत जमायचं, दार आतून कसं लावायचं आणि 911 कोणी लावायचा हे ठरवा. त्या खोलीच्या दारालाही डेडबोल्ट लावता येतो.

एवढं करूनही नवरा ऐकणार नसेल, तर किमान दोन अटी घाला. मुलाची तपासणी होऊन त्याच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत खरेदी नाही. आणि सासू-सासरे परत जाईपर्यंतही नाही. दुसरी अट त्याला विचित्र वाटेल, पण तिच्यामागे कायदा आहे, आणि भारतीय मंडळी नेमकी इथेच फसतात.

ग्रीन कार्डवाल्याला फेडरल कायद्याने बंदूक घेता येते. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1, बी-2 (पाहुणे म्हणून येणाऱ्या आई-वडिलांना बहुधा हाच मिळतो) अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला मात्र बंदूक किंवा एक काडतूससुद्धा जवळ बाळगायला बंदी आहे, आणि शिक्षा 15 वर्षांपर्यंत. त्याला काही सूट आहेत, सगळ्यांत प्रचलित म्हणजे कुठल्याही राज्याचा शिकारीचा वैध परवाना. तो नसताना बाबांना हौस म्हणून शूटिंग रेंजवर नेऊन पिस्तूल हातात दिलं आणि फोटो काढला, तर तो फोटो म्हणजे पुरावा. ‘बाळगणे’ या शब्दात केवळ हातात धरणंच नाही, तर ताबा आणि पोच हेही येतं. म्हणून तिजोरीचा कोड सासऱ्यांना सांगायचा नाही, किल्ली त्यांच्याकडे ठेवायची नाही. एच-1बीवरच्या मित्रासाठी आपल्या नावावर घेऊन देणं तर थेट गुन्हा आहे, त्यालाही 15 वर्षांपर्यंत.

दुकानात फॉर्म 4473 भरावा लागतो. त्यात नागरिकत्व ‘भारत’ लिहायचं आणि ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर घालायचा. घाईत ‘अमेरिका’च्या चौकटीत खूण झाली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो, आणि इमिग्रेशनमध्ये त्याला जवळजवळ माफी नाही. पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीऐवजी हद्दपारीची सुनावणी. गांजाबद्दलचा प्रश्नही तसाच, कोलोरॅडोत तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यासाठी नाही. लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच हवा. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत नाव टाकतो. बहुतेकांना मिनिटांत उत्तर येतं. तीन कामकाजाचे दिवस उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल याच फटीतून मिळालं होतं. टेक्सासात खासगी व्यक्तीकडून घेताना ही तपासणीच लागत नाही, पण तुम्ही दुकानातूनच घ्या. ग्रीन कार्डवाल्याने कागद हातात ठेवावा.

टेक्सासात सप्टेंबर 2021 पासून परवान्याशिवाय हँडगन बाळगून फिरता येतं. तरी परवाना काढायला लावा. शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांत, म्हणजे सुमारे तीनशे मीटरमध्ये, भरलेली बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे, आणि त्यातून सूट आहे ती राज्याचा परवाना असलेल्याला. मुलीला सोडायला जाताना गाडीत पिस्तूल असेल तर हाच फरक महत्त्वाचा. परवान्याच्या परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून एकूण पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात. कागदी लक्ष्यावर, भरपूर उजेडात, कोणी पाठीमागे रडत नसताना. ती पास होणं अवघड नाही, म्हणून तिला स्वसंरक्षणाचं शिक्षण समजू नका.

रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरायची नाही, कधीच नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि बहुतेकांचं उत्तर एकच, ‘विसरलो’. नागरिकाला हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यावर बंदुकीच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला तर देशच सोडावा लागू शकतो. आणि बॅगेच्या खालच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर निघालं, तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. लग्नाला आलेला माणूस पोलीस ठाण्यात.

आता ठेवण्याबद्दल. साड्यांच्या घडीखाली, देव्हाऱ्याच्या खणात, कपाटाच्या वरच्या फळीवर, या जागा मुलांना माहीत असतात. 2006 च्या एका अभ्यासात ‘मुलांना बंदूक कुठे आहे ते ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या आई-वडिलांपैकी 39 टक्क्यांच्या मुलांनी जागा माहीत असल्याचं सांगितलं. लपवणं म्हणजे ठेवणं नव्हे. बंदूक रिकामी आणि कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या आवाक्याबाहेर. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे धोका कमी करते.

पेटी पोलादी हवी आणि भिंतीच्या खांबाला किंवा काँक्रीटच्या फरशीला आतून बोल्टने बांधलेली, नाहीतर चोर ती उचलूनच नेतो. उघडायला आकडी कोड किंवा यांत्रिक बटणं. नुसत्या बोटाच्या ठशावर चालणारी नको. 2023 मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा हजारो तिजोऱ्या परत मागवल्या. ठसे नीट नोंदवलेले नसतील तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि एका बारा वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेल्याचा दावा कोर्टात दाखल झाला होता. कोड म्हणून वाढदिवस, लग्नाची तारीख, जुन्या घराचा नंबर नको. पंधरा वर्षांच्या मुलाला तुमच्या फोनचा पासवर्ड येतो, हे लक्षात असू द्या. बॅटरी दर सहा महिन्यांनी बदला.

पिस्तुलाबरोबर येणारं केबल कुलूप फुकट असतं, अनेक पोलीस ठाण्यांतही मिळतं. ते मॅगझीनच्या, म्हणजे गोळ्यांच्या सुट्या पेटीच्या, खोबणीतून आणि वरच्या उघड्या भागातून ओवायचं, म्हणजे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, बंदच होत नाही. चापावर बसणारं कुलूप भरलेल्या पिस्तुलावर कधीही लावू नये, लावतानाच गोळी सुटू शकते.

सगळ्यांत जास्त अपघात होतात ते ‘रिकामी आहे’ असं समजून. क्रम चुकतो. आधी बोट चापाबाहेर, नळी सुरक्षित दिशेला. मग मॅगझीन काढायचं. त्यानंतर स्लाइड मागे ओढून चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली, गोळी पाडायची, दोन-तीनदा ओढायची, आणि मागेच अडकवून डोळ्यांनी व बोटाने चेंबर तपासायचा. आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझीन काढलं, तर पहिली गोळी पडते आणि मॅगझीनमधली दुसरी आत जाऊन बसते. मॅगझीन काढलेलं, तरी बंदूक भरलेली. सहा वर्षांच्या मुलीच्या बोटात चाप ओढायची ताकद नाही असंही समजू नका. साधारण अडीच किलोचा जोर लागतो, आणि लहान मुलं पिस्तूल उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबतात. नळी तेव्हा त्यांच्याच तोंडाकडे असते.

टेक्सासचा कायदा सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणाने पडली तर पालकाला दोषी धरतो. नुसती हाती पडली तर दंड, कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर वर्षापर्यंत कैद. हा कायदा आधी कुलूप लावायला सांगत नाही, नंतर शिक्षा करतो. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत 2021 मध्ये चार विद्यार्थ्यांना मारणारा मुलगा पंधरा वर्षांचाच होता. त्याच्या आई-वडिलांना 2024 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाची बिघडलेली अवस्था दिसत असताना त्यांनी त्याच्यासाठी पिस्तूल घेतलं आणि ते नीट कुलपात ठेवलं नाही, हे त्यांना भोवलं. ही बातमी नवऱ्याला वाचायला द्या. आम्ही त्या मुलाची तुमच्या मुलाशी तुलना करत नाही, कृपया तसं घेऊ नका. पण ज्युरीने काय पाहिलं, ते पाहा.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घरातलं माणूस अडचणीत दिसलं तर कुटुंब कोर्टाकडे अर्ज करून त्याच्याजवळच्या बंदुका काही काळ काढून घेऊ शकतं. टेक्सासात असा कायदा नाही. उद्या पिस्तूल घरात असताना मुलगा जास्त बिघडला, तर ते तुम्हालाच बाहेर काढावं लागेल. काही रेंज आणि दुकानं भाड्याने ठेवून घेतात, त्यांचे नंबर आधीच काढून ठेवा. नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मित्राकडेही ठेवता येतं. मंडळातल्या एच-1बीवाल्या मित्राकडे मात्र नाही, कारण वर सांगितलंच.

राहिला मैत्रिणीकडचा मुक्काम. विचारा, बेलाशक. आगाऊपणा नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगताना लाज वाटत नाही, कुत्रा चावतो का विचारताना नाही, मग याचीच का वाटावी? शिकार करणारी माणसं बहुधा या प्रश्नावर चिडत नाहीत. लहानपणी बापाने पहिल्यांदा रायफल हातात देताना शिस्त शिकवलेली असते, आणि तिजोरी दाखवायला त्यांना आवडतंच. ‘तुमच्याकडे बंदूक आहे का’ असं विचारू नका, त्याला राजकारणाचा वास येतो. कुलपाचं विचारा, आणि समोरासमोर अडखळत विचारण्यापेक्षा दोन दिवस आधी मेसेज करा. काहीसा असा :

‘शनिवारसाठी ती फार उत्सुक आहे. तिला अंडं चालतं, मांस नको. रात्री दिवा लागतो. आणि आम्ही ती जिथे जिथे राहायला जाते तिथे हे विचारतो, घरात बंदुका असतील तर त्या रिकाम्या आणि कुलपात असतात ना? आमच्याकडे नाहीत.’

उत्तर ‘हो, सगळ्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या’ असं आलं तर पाठवा. ‘काळजी नको, मुलांना हात लावायचा नाही हे माहीत आहे’ असं आलं तर ते ‘नाही’ समजा, आणि त्या मैत्रिणीलाच शनिवारी तुमच्याकडे राहायला बोलवा. मुलीला एवढंच शिकवा, कुठेही बंदूक दिसली की हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. पण ती हे पाळेलच यावर विसंबू नका, सहा वर्षांची आहे ती.

मुलाच्या डॉक्टरांची वेळ सोमवारीच घ्या. स्क्रू त्याच संध्याकाळी बदलता येतील.